सोलापुराचा समुद्राशी काय संबंध?

२०२५ साली घटस्थापनेच्या सुमारास सीनेला महापूर आला, करमाळा, माढा, मोहोळ ह्या तालुक्यांतील काठची गावे पाण्यात गेली आणि पुण्याचा महामार्ग बंद पडला, त्या दिवसांतील ही गोष्ट आहे. आमच्या शहरातील एका वाचनालयाच्या ओसरीवर चार सुशिक्षित गृहस्थ बसले होते व एकच वर्तमानपत्र हातोहात फिरत होते. त्यात असे छापले होते की, समुद्र तापत चालल्यामुळे चक्रीवादळांचे व पावसाचे मान पालटत असल्याचे शास्त्रज्ञांच्या गणिती प्रतिमानांवरून दिसते. हे वाचून एक वयोवृद्ध वकीलसाहेब उद्गारले, "सोलापुराचा समुद्राशी काय संबंध?" त्यांच्या शेजारचे शिक्षक म्हणाले, "ज्यांस उद्याचा पाऊस सांगता येत नाही, ते पन्नास वर्षांनंतरचा सांगणार!" तिसरे गृहस्थ पाटबंधाऱ्याच्या कामांत आयुष्य घालविलेले. ते शांतपणे म्हणाले, "शंभर वर्षांच्या नोंदी कचेरीत पडून आहेत. त्यांची सरासरी काढावी, म्हणजे झाले. प्रतिमाने हवीत कशाला?" चौथे नुसते हसले. आम्ही तेथेच होतो आणि वडीलधाऱ्यांच्या भिडेने गप्प राहिलो. त्या मौनाची भरपाई म्हणून हा लेख आहे.

हे गृहस्थ अडाणी नव्हेत. त्यांच्या मुखांतून जे निघाले तेच नगरातील सभांत, कचेऱ्यांत आणि घरोघरच्या चहाच्या वेळी निघत असते. आणि ज्या मताला सुशिक्षितांचा आश्रय मिळतो त्याचे धोरणात रूपांतर होण्यास वेळ लागत नाही. म्हणून तिन्ही आक्षेपांचा क्रमाने विचार करणे अवश्य आहे.

पहिला आक्षेप भूगोलाचा. सोलापूर पश्चिम समुद्रापासून अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर, आणि मध्ये सह्याद्रीची भिंत उभी. नैर्ऋत्येकडून येणारे मोसमी वारे आपले बहुतेक पाणी कोकणात व घाटमाथ्यावर रिते करून येतात; आमच्या वाट्यास वर्षाकाठी सुमारे साडेपाचशे मिलिमीटर पाऊस येतो. ह्या पर्जन्यछायेमुळे आपण समुद्राचे कोणी लागत नाही असे सोलापूरकरांस वाटते. परंतु आमच्या शेतकऱ्याचे वर्ष कोणत्या पावसावर उभे आहे? मृगाच्या नव्हे, तर उत्तरा व हस्ताच्या. आमची रब्बीची ज्वारी पेरली जाते ती भाद्रपद-आश्विनातील ओलीवर. आणि ती ओल पुष्कळ अंशी बंगालच्या उपसागरात उठून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांची देणगी असते. पश्चिमेचा समुद्र आम्हांस फारसे विचारीत नाही हे खरे, पण त्याहून दूरचा पूर्वेचा समुद्र आमची कोठारे भरीत आला आहे. हस्ताचा पाऊस भिंती पाडतो असे जुनी माणसे म्हणत. ती काही उगाच म्हणत नव्हती.

ह्याचा दाखला आमच्या डोळ्यांसमोरचा आहे. १३ ऑक्टोबर २०२० रोजी बंगालच्या उपसागरातील एक तीव्र कमी दाबाचे क्षेत्र काकिनाड्याजवळ किनाऱ्यावर चढले. त्यास चक्रीवादळ ही पदवीही मिळाली नव्हती. ते तेलंगणावरून आले, हैदराबाद बुडवून पुढे सरकले, १४ ऑक्टोबरला सोलापूर जिल्ह्यावर कोसळले आणि महाराष्ट्र ओलांडून अरबी समुद्रात उतरले. उजनी आधीच भरलेली होती. भीमेला पूर आला. पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून तिच्याखाली ६ माणसे मेली. सोलापुराचा समुद्राशी काय संबंध, हा प्रश्न त्या सहा घरांत जाऊन कोणी विचारील काय?

आता दुसरा आक्षेप. उद्याचा पाऊस न सांगता येणाऱ्याने पन्नास वर्षांनंतरचा सांगू नये, हे म्हणणे ऐकण्यास चटकदार आहे, पण त्यात दोन भिन्न प्रश्नांची गल्लत झाली आहे. आषाढ महिन्यात एखादा वारकरी उद्या दुपारी कोठल्या झाडाखाली विसावा घेईल हे कोणासही सांगता येणार नाही. पण आषाढी एकादशीस पंढरपुरात मुंगीस वाट मिळणार नाही, हे सांगण्यास ज्योतिषी लागत नाही. एकेका माणसाची चाल आणि सबंध वारीची गती ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवा आणि हवामान ह्यांचे नाते असेच आहे. अमुक दिवशी अमुक गावी पाऊस पडेल काय हा एक प्रश्न. समुद्र अमुक इतका तापला असता मुसळधार दिवसांचे प्रमाण वाढेल की घटेल हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर पहिल्याच्या आधी येऊ शकते.

ते येते कसे? प्रतिमान म्हणजे पंचांग नव्हे. पृथ्वीभोवतीचे वातावरण व समुद्र ह्यांचे लहान लहान घरांत विभाजन करावयाचे आणि प्रत्येक घरातील उष्णता, दाब, वारा व बाष्प ह्यांचा हिशेब पदार्थविज्ञानाच्या नियमांनी क्षणाक्षणाने पुढे न्यावयाचा, एवढीच ती कल्पना. लुइस रिचर्डसन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२२ साली ती ग्रंथरूपाने मांडली, तेव्हा हाताने केलेला त्याचा हिशेब साफ चुकला होता. पुढे यंत्रे आली. १९६७ मध्ये स्युकुरो मानाबे व रिचर्ड वेदराल्ड ह्यांनी गणिताने दाखविले की, कर्बद्विप्राणिद वायू वाढला तर जमिनीलगतची हवा तापेल, पण फार उंचावरील हवा उलट थंड होईल. हे भाकीत विचित्र होते. सूर्य तापल्यामुळे पृथ्वी तापत असती तर वरची हवाही तापावयास हवी होती. पुढील दशकांतील मोजणीत वरची हवा थंड होत असलेलीच आढळली. मानाबे ह्यांस २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते ह्याच कामाच्या परंपरेसाठी.

आणि उद्याचा पाऊस सांगता येत नाही हे तरी कितपत खरे आहे? २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओरिसाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले, त्यात सुमारे १० हजार माणसे दगावली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी त्याच राज्यात गोपाळपूरजवळ 'फायलिन' आले; तेही अतितीव्र होते. पण ह्या वेळी वादळाची वाट संगणकांनी काही दिवस आधी रेखून दिली होती, लाखो लोक आधीच हलविले गेले होते आणि मृतांची संख्या शेकड्याच्या आत राहिली. वारे मवाळ झाले नव्हते. हिशेब सुधारला होता आणि त्या हिशेबावर विश्वास ठेवणारे शासन जागे होते. वेधशाळेची थट्टा करणाऱ्यांनी ह्या दोन आकड्यांतील अंतर एकदा मोजून पाहावे.

ह्या थट्टेत आणखी एक अन्याय आहे. संक्रांतीच्या दिवसांत श्रीसिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत वासराच्या वागण्यावरून पुढील वर्षाच्या पावसाची भाकणूक होते. त्या प्रथेची हेटाळणी आम्ही करणार नाही. तिच्यात एका कोरड्या मुलखाची पावसाविषयीची शतकांची काळजी आहे. परंतु भाकणूक चुकली तर पुढच्या संक्रांतीस तिचा जमाखर्च कोणी मांडीत नाही. वेधशाळेचा मात्र प्रत्येक अंदाज टाचणीस टाचून ठेवला जातो, आणि तसाच तो ठेवला पाहिजे. कारण चुकीचा पडताळा घेणे हाच तर शास्त्राचा धर्म. आमच्याच गावचे उदाहरण घ्या. २०१८ व २०१९ साली पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूरच्या आकाशात कृत्रिम पावसाचे प्रयोग केले. विमाने उडाली, गावाने माना उंचावून पाहिले आणि पाऊस "पाडला" की नाही ह्यावर पैजा लावल्या. पण ह्या प्रयोगाचा प्राण विमानात नव्हता. निवडलेल्या ढगांपैकी कित्येक मुद्दाम तसेच सोडून दिले होते, कारण बीजारोपण न केलेल्या ढगांशी तुलना केल्यावाचून केलेल्यांचे श्रेय ठरत नाही. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: शंभर चौरस किलोमीटरांच्या टापूत सरासरी १८ टक्के अधिक पाऊस. ना चमत्कार, ना थोतांड. एक मर्यादित, तपासलेला आकडा. असा आकडा पचविण्याची आमच्या सुशिक्षितांस सवय नाही, हेच आमचे दुखणे आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार, कारण तो अनुभवी माणसाचा आहे. नोंदी खऱ्या, प्रतिमाने काल्पनिक; म्हणून नोंदींची सरासरी काढून चालावे. नोंदींविषयी आमचा आदर कोणाहून कमी नाही. १८७६-७८ च्या दुष्काळाने ज्या जिल्ह्यांची राखरांगोळी केली त्यांत सोलापूर होते, आणि त्या दुष्काळाच्या धक्क्यानेच ह्या देशातील मोसमी पावसाचे पूर्वकथन जन्मास आले. हेन्री ब्लॅनफर्ड ह्यांनी १८८६ पासून हिमालयातील बर्फावरून नियमित अंदाज देण्यास आरंभ केला. पुढे गिल्बर्ट वॉकर ह्यांनी देशोदेशींच्या नोंदी चाळून दूरच्या महासागरावरील दाबाचे आंदोलन आमच्या पावसाशी जोडले. हे सारे नोंदींवरच उभे राहिले. परंतु नोंदी ही एक गोष्ट, आणि सरासरी ही दुसरी.

सरासरीवर चालणे म्हणजे प्रतिमानावाचून चालणे, हा त्या गृहस्थांचा समज आहे. तो सर्वस्वी चुकीचा आहे. गेल्या शंभर वर्षांची सरासरी पुढल्या पन्नास वर्षांस लावणे म्हणजे 'उद्या हा कालसारखाच असणार' असे गृहीत धरणे. आणि हे गृहीत म्हणजे एक प्रतिमानच होय. भेद इतकाच की, शास्त्रज्ञांची प्रतिमाने दररोज तपासली जातात आणि कचेरीतील हे प्रतिमान कोणी कधीच तपासीत नाही, कारण ते प्रतिमान आहे हेच कोणास ठाऊक नसते. जोवर समुद्र तोच होता तोवर त्याने काम भागले. आता समुद्र तो राहिलेला नाही. केंद्र सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने २०२० साली भारतीय प्रदेशातील हवामानबदलाचा जो अहवाल प्रसिद्ध केला, त्याप्रमाणे उष्णकटिबंधातील हिंदी महासागराचा पृष्ठभाग १९५१ ते २०१५ ह्या अवधीत सुमारे १ अंशाने तापला. एक अंश म्हणजे काय, असे कोणी विचारील. तर दर अंशास हवा सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. म्हणजे ज्या ढगाने आपल्या आजोबांच्या काळी एक घागर रिती केली, त्याच्या नातवाजवळ आज घागरीहून थोडे अधिक आहे, आणि तो ते एकदम ओततो.

त्याच अहवालातील दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून पाहा. १९५१ ते २०१५ मध्ये देशाचा मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. आणि १९५० ते २०१५ मध्ये मध्य भारतावर दिवसास १५० मिलिमीटरांहून अधिक पडणाऱ्या अतिवृष्टीच्या प्रसंगांत सुमारे ७५ टक्क्यांची वाढ झाली. एकूण थोडे कमी, पण जे पडते ते दांडग्यासारखे. सरासरीच्या चष्म्यातून ह्यांतील फक्त पहिला आकडा दिसतो. घर वाहून नेणारा दुसरा दिसत नाही. सोलापुरापुरते बोलावयाचे तर २०२३ साली राज्य शासनाने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यांत करमाळा व माढा होते. २०२५ साली ज्या तालुक्यांत घरांच्या कौलांपर्यंत सीनेचे पाणी गेले त्यांतही करमाळा व माढा होते. दोन्ही वर्षांची बेरीज करून दोहोंनी भागले, तर उत्तर कदाचित समाधानकारक येईल. पण तो समाधानकारक पाऊस कोणाच्या शेतात पडला, हे आम्हांस कोणी दाखवून देईल काय?

येथपर्यंत आम्ही आक्षेपकांच्या विरुद्ध बोललो. आता त्यांच्या बाजूने जे बोलणे अवश्य आहे तेही बोलतो. प्रतिमाने हरितगृह वायूंमुळे मोसमी पाऊस वाढेल असे सांगत होती आणि प्रत्यक्षात तो अर्धशतकाहून अधिक काळ घटत गेला. मग प्रतिमाने खोटी नव्हेत काय? हा प्रश्न त्या ओसरीवर कोणी विचारला नाही, पण तो खरा प्रश्न आहे. उपरोक्त अहवालाचे उत्तर असे की, धुराचे व गंधकाचे सूक्ष्म कण सूर्यप्रकाश अडवून जमीन थंड ठेवतात आणि त्यांनी ही वाढ पुष्कळ अंशी दाबून धरली. धूर चार दिवसांत खाली बसतो, कर्बद्विप्राणिद शतकानुशतके राहतो. तेव्हा हवा जसजशी स्वच्छ होईल तसतशी दाबलेली वाढ वर येण्याचा संभव आहे. हे उत्तर सयुक्तिक आहे, पण त्यातील धुराच्या परिणामाचे माप अजून पुरते पक्के नाही, हेही कबूल केले पाहिजे.

दुसरी उणीव तर सोलापूरकरांच्या जिव्हाळ्याची. जुन्या प्रतिमानांतील एकेक घर शंभर-दोनशे किलोमीटर लांबीचे असे. अशा घरात सह्याद्री मावत नाही. त्याचे कडे सपाट होऊन नुसता उतार उरतो. आणि सह्याद्री नाही तर पर्जन्यछाया नाही, व पर्जन्यछाया नाही तर ते सोलापूरच नव्हे! चक्रीवादळाचा डोळाही असल्या जाळ्यातून निसटून जातो. म्हणून घरे लहान करण्याची खटपट चालली आहे. २०२४ च्या सप्टेंबरात पुण्यास 'अर्क' नावाचा महासंगणक कार्यान्वित झाला आणि २०२५ च्या मे महिन्यात ६ किलोमीटरांच्या घरांची 'भारत पूर्वानुमान प्रणाली' सुरू झाली. पण ही प्रणाली येत्या काही दिवसांच्या अंदाजासाठी आहे. शंभर वर्षांचा हिशेब इतक्या बारीक घरांत चालविणे अजून फार खर्चाचे आहे. चक्रीवादळांविषयी प्रतिमाने सांगतात ते एवढेच: संख्या बहुधा वाढणार नाही, कदाचित घटेलही, पण त्यांतील अतितीव्र वादळांचे प्रमाण वाढेल व प्रत्येक वादळ अधिक पाणी आणील. २०५० साली माढा तालुक्यात किती मिलिमीटर पाऊस पडेल, हे त्यांतून निघत नाही. जो कोणी असा आकडा छापील कागदावर विकावयास आणील, त्यास वाचकांनी खुशाल दारातूनच परत लावावे. तो प्रतिमानांचा मित्र नव्हे, वैरी होय.

दुसराही एक वैरी आहे आणि तो अधिक प्रतिष्ठित आहे. भिंत पडली, हवामानबदल; नाले तुंबले, हवामानबदल; पूररेषेत वस्ती उठली आणि वाहून गेली, तरी हवामानबदल! पूर्वी जे 'ईश्वरी क्षोभ' ह्या शब्दांनी झाकले जात असे ते आता ह्या शास्त्रीय शब्दाने झाकले जाऊ लागले आहे. समुद्र तापला म्हणून पाऊस दांडगा झाला असेल. पण नाल्यात भराव समुद्राने घातलेला नाही. ज्यास अतिवृष्टी वाढणार हे ठाऊक होते त्याचा दोष तर अधिक, कमी नव्हे.

मग अनिश्चित ज्ञानाच्या बळावर करावयाचे काय? आमचे उत्तर असे की, अनिश्चितता हे स्वस्थ बसण्याचे कारण नसून सावधपणे वागण्याचे कारण आहे. घरास आग लागेलच अशी खात्री नसतानाही शहाणा माणूस विमा उतरवितो. सीना, भीमा व नाल्यांवरील पूल आणि शहरातील गटारे बांधताना जुन्या सरासरीऐवजी वाढत्या अतिवृष्टीचे माप धरावे. उजनीची एकंदर साठवण सुमारे ११७ अब्ज घनफूट. ती भरते मुख्यतः पुण्याकडील घाटांच्या पाण्याने, आणि भाद्रपदात ती काठोकाठ असताना पूर्वेचा समुद्र आपले दूत पाठवितो; तेव्हा पाणी कधी व किती सोडावयाचे ह्याचा नियम उपसागरातील अंदाजाशी बांधावा आणि तो नियम मराठीत छापून काठच्या गावांच्या हाती द्यावा. ज्या जिल्ह्यात उसाचे मळे व साखरेचे कारखाने इतके माजले आहेत, त्याने एका वर्षाच्या पुराकडे पाहून पुढल्या दुष्काळास विसरू नये. आणि प्रत्येक मंडळातील पर्जन्यमापकाची रोजची नोंद सर्वांस पाहता यावी, म्हणजे प्रतिमानांची परीक्षा गावातील पोरेही घेऊ शकतील.

ह्यांत महासंगणकाची आवश्यकता नाही, कोट्यवधींची नाही; आवश्यकता आहे ती एक जुना समज सोडण्याची. 'आम्ही दुष्काळी' हे वाक्य आम्ही इतक्या पिढ्या म्हटले आहे की, ते आमचे आडनाव होऊन बसले आहे. आणि ज्याचे आडनावच दुष्काळ त्याच्या दारी पूर आला तरी तो पाहुणाच समजला जातो. पाहुणा पाच वर्षांत दोनदा आला. तिसऱ्यांदा तो येईल तेव्हा त्यास पाहुणा म्हणण्याची सोय उरणार नाही.

त्या ओसरीवरील वकीलसाहेबांचे वय पाहता त्यांच्याशी वाद घालणे आम्हांस जड गेले. परंतु त्यांची नातवंडे ह्याच शहरात राहणार आहेत. निदान त्यांनी तरी आश्विन महिन्यात पूर्वेकडे तोंड करून पाहण्यास शिकावे.